विभावरीबाईंचं आस्पेंडोस

विभावरीबाईंनी मिरजेच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि दर वर्षी फळ्यावर तेच एक अर्धवर्तुळ काढलं: आस्पेंडोसचं रोमन नाट्यगृह. "मंचावर कुजबुजा, शेवटच्या पायरीवर ऐकू येतं," म्हणायच्या. पोरं विचारायची, "बाई, तुम्ही गेला होतात?" बाई डस्टर आपटायच्या.

२०१४ मध्ये सुनेच्या, देवश्रीच्या बाळंतपणासाठी त्या जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला आल्या, तेव्हा काचबिंदूनं डावा डोळा गेलेला होता. उजवा वर्षभर टिकला तर टिकला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकानं, मयुरेशनं, लगेच अंताल्याची चार दिवसांची तिकिटं काढली. तुर्कस्तानचा भूमध्य किनारा तो. आस्पेंडोस तिथून तासाभरावर. बाळंतपणाला अजून महिना होता. बाईंनी यादी केली: अंताल्यातल्या, रोमन सम्राट हेड्रियनच्या वेशीखालच्या रथांच्या चाकोऱ्या, जवळच्याच पेर्गे या प्राचीन नगराचे खांब, आणि मग आपलं ते.

श्टुटगार्टच्या विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या अधिकाऱ्यानं व्हिसाच्या स्टिकरवर बोट ठेवलं. आल्झो, म्हणजे असं, की हा व्हिसा एकाच प्रवेशाचा. जा खुशाल, पण जर्मनीत परत येता यायचं नाही, तिकडूनच भारतात जावं लागेल. आणि मयुरेश, हा आमचा मोटारींच्या कारखान्यातला इंजिनिअर! गाडीच्या दरवाजाची फट मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो, आणि आईच्या व्हिसावरचा एक आकडा वाचायला ह्याला सवड झाली नाही.

मयुरेशचा चेहरा खर्रकन उतरला. बाई मात्र शांत होत्या.

"मग मी तिकडूनच घरी जाते," त्या म्हणाल्या. "सामान मागाहून पाठव."

"आणि देवश्रीचं कोण बघणार, आई?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पण बाईंनी ऐकलं होतं, आणि ते त्यांना फार लागलं. मागे रांग खोळंबली होती. त्यांनी पासपोर्ट पर्समध्ये टाकला आणि मागे फिरल्या. गाडीत "पुढच्या वर्षी नक्की" असं तो तीनदा म्हणाला. बाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या.

नात झाली. बाईंनी तिला न्हाऊमाखू घातलं, डिंकाचे लाडू वळले, सगळं निगुतीनं केलं. भारतात परत निघायच्या आदल्या दिवशी मयुरेशनं टीव्हीवर आस्पेंडोसचे फोटो लावले.

"बघ ना, आई. पायरी न् पायरी दिसतेय."

बाईंनी मान वळवली नाही. नातीला अगदी नाकाजवळ धरून त्या तिच्या भुवया बघत होत्या.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "जेवढं दिसतंय तेवढं हिचं तोंड बघण्यात जाऊ दे. तुझ्या मनाच्या समाधानासाठी खर्चायला माझ्याकडे नजर उरली नाही, मयुरेश."