विजेची पाणपोई

कुणाच्याही दारात गेले की ते आधी पाणी मागायचे. तहान असो वा नसो. पेला तोंडाला न लावता पाणी वरून प्यायचे, मग पेला स्वतः विसळायचे आणि पालथा घालून ठेवायचे. त्यानंतर म्हणायचे, "हं यजमान, आता बोलू."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याची एवढीशी सवय आधी आठवते आणि चेहरा नंतर. मला त्यांचा पालथा पेला आधी आठवतो. आणि तो आठवला की माझं डोकं फिरतं, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. उगाच शेवटपर्यंत गोड बोलणं मला जमायचं नाही.

चौकला जुन्या हायवेवर माझं टायरचं आणि ऑइल-फिल्टरचं दुकान आहे. एका दुपारी ते पांढरी गाडी ढकलत माझ्या दारात आले. घामाघूम झाले होते, पण हसत होते. "चार्जिंग संपलं. एक प्लग मिळेल का?" विजेच्या गाड्यांवर तेव्हा मी खार खाऊन होतो. त्यांना ऑइल नको, फिल्टर नको, म्हणजे माझ्या धंद्याच्या मुळावर आलेली जात. पण टायर तर त्यांनाही लागतात, असं मनाशी म्हटलं आणि प्लग दिला.

गाडी हळूहळू भरत होती आणि ते बाकावर बसून बोलत होते. खोपोलीच्या एका कारखान्यात वायरिंग सांभाळण्यात आयुष्य गेलेलं. कारखाना बंद पडला, हात मात्र बंद पडायला तयार नव्हते. निघताना भिंतीकडे बघत म्हणाले, "यजमान, हा प्लग आतून बाहेर आणू. ज्याला लागेल तो लावेल."

"आणि बिल?"

"गाडी भरेपर्यंत माणूस उपाशी बसतो होय? समोर वडा खाईल, तुमच्याकडे हवा मारून घेईल. आणि मला सांगा, पाणपोईवाला कधी बिल मागतो का?"

पुढच्या आठवड्यात ते वायरचं भेंडोळं, ड्रिल मशीन, प्लग बसवलेला एक राखाडी डबा आणि कुठून तरी मिळवलेलं जुनं सोलर पॅनल घेऊन हजर. पॅनल माझ्या पत्र्यावर चढलं, डबा भिंतीवर बसला. मी डब्याला कडी-कुलूप लावायला निघालो, तर माझा हात धरला. "पाणपोईला कुलूप नसतं, यजमान." त्यांचा नियम म्हणाल तर हा एवढाच.

मग त्यांना नादच लागला. चौकहून कर्जत, कर्जतहून कशेळे. कुठे नर्सरीच्या फाटकाशी, कुठे बुद्धविहाराच्या आवारात, कुठे एखाद्याच्या गोठ्याच्या भिंतीवर. दुकान बंद ठेवून मीही कितीदा त्यांच्याबरोबर गेलो. ते डबा बसवत, मी शिडी धरत असे. काम झालं की जमलेल्या पोरांना ते पहिला प्लग लावायला देत. गाडीचा दिवा लागला की माणसाबद्दल विचारावं तसं विचारत, "काय, बसली का जेवायला?"

कर्जतच्या एका भातगिरणीवाल्यानं डब्याला कुलूप ठोकलं. येणारेजाणारे मोबाइल चार्ज करतात म्हणून. हे कळल्याबरोबर आम्ही तिथे गेलो. गिरणीवाल्यानं तांब्या पुढे केला, तर यांनी हात मागे घेतला. "कुलूप असलेल्या घरचं पाणी मी पीत नाही." म्हणाले आणि भर उन्हात पोत्यावर बसून राहिले. भांडण नाही, उपदेश नाही. गिरणीवाला चिडला, आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी किल्ली घेऊन आला आणि कुलूप काढून खिशात टाकलं. मग हे दोन तांबे पाणी प्यायले. पेला अर्थातच विसळून पालथा. परतताना मला वाटलं, या माणसाच्या मागे कुठेही जावं.

आणि म्हणूनच मी त्यांना कशेळ्याला मावशीकडे घेऊन गेलो.

माझी मावशी स्टँडजवळ राहते. काका गेल्यापासून एकटीच. ओट्यावर जीपवाल्यांना पिठलं-भाकरी देते. ओट्याच्या कोपऱ्यात माठ आणि दोन पेले, वाटसरूंसाठी. अंगणात जांभळीचं झाड होतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी काकांनी लावलेलं. मोसमात ती पानांच्या द्रोणांतून जांभळं विकायची. मावशीला वीज, बॅटरी यातलं काही कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "तुजा मानूस हाय ना? मग लावा डबा. आलेल्याची सोय होतीय तर नाय कशाला म्हनू?"

त्यांची तिथे चांगलीच गट्टी जमली. गाडी भरायला लावायची आणि ओट्यावर बसून मावशीच्या शेतीच्या, शहरातल्या सुनांच्या, साऱ्या गावाच्या गोष्टी ऐकायच्या. मावशीही त्यांच्या ताटात न विचारता तिसरी भाकरी टाकायची.

लग्नसराईच्या शेवटी एक नवरदेव तिथे अडकला. फुलांनी सजवलेली पांढरी गाडी, बॅटरी तळाला. गाडी अंगणात लावली, नवरदेव मुंडावळ्या मागे सारून भाकरी खायला बसला. मुहूर्त जवळ आला तरी गाडीचं जेवण काही संपेना. अखेर वऱ्हाडानं त्याला वडापच्या जीपमध्ये कोंबून नेलं आणि गाडी मागे राहिली. संध्याकाळी वऱ्हाडातले लोक ती न्यायला आले तर बॉनेटवर, काचेवर, फुलांवर सगळीकडे जांभळांचे डाग. नवरदेवाच्या मामानं मावशीला नको नको ते ऐकवलं.

तेवढ्यात आम्ही दोघं तिथे पोचलो. त्यांनी डाग बघितले. वर झाडाकडेही बघितलं. "मावशी, सोय म्हटली की ती पुरती हवी. डाग पडले तर लोक थांबायचे नाहीत." झाड तोडा, असं ते म्हणाले नाहीत. हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण मावशीनं ऐकायचं ते ऐकलं. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा अंगणात बुंधा तेवढा उरला होता आणि दोन गाड्या मावतील एवढी मोकळी जागा. मी हबकलो. मावशी म्हणाली, "पावन्याच्या अंगावर डाग पडाया नको रं." ते बुंध्यापाशी जाऊन आले. मग तिच्या पाया पडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज त्या पाण्याचीही लाज वाटते.

त्यानंतर त्यांचं येणं विरळ झालं. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलांसमोर उंच मशीनं उभी राहिली, फोनवरून पैसे भरले की चालणारी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला घाई आहे त्यानं तिथे जावं.

मग भातलावणीच्या दिवसांत मावशीचा फोन आला. "आरं, आपला डबा तू नेलास का?"

मी तडक कशेळ्याला गेलो. भिंतीवरचा डबा नव्हता, पत्र्यावरचं पॅनलही नव्हतं. स्क्रूची भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवून वर हात फिरवलेला. वायरच्या टोकाला काळी पट्टी नीट गुंडाळलेली, कुणाला झटका बसू नये म्हणून. चोर एवढं नीटनेटकं काम करत नाही. मी मावशीकडे बघितलं. तिनं ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

माठाशेजारी एक पेला होता. विसळलेला, पालथा.

"मी माजा पेला कदी पालथा घालत नाय," मावशी म्हणाली. "डबा नेला त्याचं काय नाय रं. त्याचाच व्हता. पन माज्या घरचं पानी पिऊन गेला, आन् मला सांगितलं नाय."

थोड्याच दिवसांत माझ्या दुकानात गणवेशातली दोन माणसं आली. मशीनवाल्या कंपनीची. माझा डबा काढायला सरांनी पाठवलंय म्हणाली. कुठले सर, तर हेच आमचे. या भागाचे आता ते मोठे अधिकारी झाले होते. कंपनीला तिच्या रस्त्यांवर फुकटचे डबे नको होते, आणि ते कुठे कुठे आहेत हे या एका माणसाला पाठ होतं.

"मग कशेळ्याला तुमचं मशीन बसणार का?" मी विचारलं.

"कशेळं? ते आमच्या प्लॅनमध्येच नाही. तिकडे गाड्या कुठे असतात?"

मी म्हटलं, "ज्यानं हा डबा बसवला त्याला पाठवा. तोच काढेल." ती माणसं बिचारी चहा पिऊन गेली.

मी त्यांना फोन करत राहिलो. एकदाच उचलला. "यजमान, मीटिंगमध्ये आहे." बस्स, एवढंच.

तुम्ही म्हणाल, माणूस थकतो, घरी अडचणी असतात, फुकटचं किती दिवस चालणार. सगळं मान्य. समोर बसून सांगितलं असतं, तर मीच स्क्रू ड्रायव्हर हातात दिला असता, शिडीही धरली असती. पण लावणीच्या दिवसांत कशेळ्यात घरी कुणी नसतं, हे त्यांना आमच्याच ओट्यावर, मावशीची तिसरी भाकरी खाता खाता कळलं होतं. मला सलतं ते हे. माझं दुकान भर हायवेवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणून माझ्याकडे ते आले नाहीत. अजूनही आलेले नाहीत. माझा डबा भिंतीवर तसाच आहे, चालू आहे, आणि त्याला कुलूप नाही. मी अजून त्यांना 'ते'च म्हणतो. 'तो' म्हणायला जीभ वळत नाही, याचाही राग येतो.

परवा मावशीकडे गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. ओट्यावर चढलो आणि सवयीनं माठाशेजारचा पालथा पेला उचलायला गेलो, तर मावशीनं माझ्या हातावर चापट मारली.

"ऱ्हाऊ दे त्यो. ज्यानं पालथा घातलाय, त्यो येऊन सुलटा करंल."

मग तिनं मला दुसऱ्या पेल्यात पाणी दिलं. अंगणात आता सावली नाही, म्हणून आम्ही आत जाऊन बसलो.