नेदाची बादली

गेंको म्हातारा तोंडाचा मोठा फटकळ, पण स्वतःच्या ट्रकशी बोलताना आवाज लोण्याहून मऊ. गुलाबांच्या त्या बल्गेरियन खोऱ्यात त्याचा पेट्रोलवरचा ट्रक त्याच्या लग्नाइतकाच जुना. बॉनेटला गंजून पडलेलं भोक सोडलं तर अगदी ठणठणीत. विटा वाहा, शेणखत वाहा, कुरकुर नाही. पण मोठं काम निघालं की मेला हमखास रुसायचा! मुलीच्या लग्नात रुसला, गेल्या साली फुलांच्या पहिल्या खेपेला रुसला. ऊन चढलं की फुलातलं अत्तर उडून जातं. अत्तर काढणाऱ्या भट्टीवाल्यानं तेव्हाच बजावलं होतं, "पुढच्या साली उशीर झाला, तर गावाची फुलं दुसऱ्याच्या गाडीतून येतील."

आज पहिली खेप. पहाटे खुडलेल्या फुलांची पोती चढली आणि गेंकोची बायको नेदा बादली घेऊन आली. मोठ्या कामाला निघणाऱ्याच्या वाटेवर पाणी ओतायचं, म्हणजे काम पाण्यासारखं सरळ वाहतं, ही गावाची रीत. एका हिवाळ्यात नेदा माहेरी होती, पाणी ओतायला कुणी नव्हतं, आणि गेंको ट्रकसकट दरीच्या काठावर लटकला होता. तेव्हापासून ती वाटेवर भागवत नसे. ट्रकच्या डोक्यावरच अख्खी बादली!

पाणी पडलं. गेंकोनं चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. पुढे काही नाही.

"झालं! बसला तुझा लाडका ट्रक फुगून," शेजारचा मिंचो कुंपणावरून म्हणाला.

"दात काढू नकोस, इकडे ये. ही प्लगची वायर धर, लोखंडाजवळ ने. मी चावी फिरवतो, ठिणगी दिसते का बघ."

"अंधार आहे नुसता."

गेंकोनं कॉइल बदलली. ठिणगी नाही. तारा घासल्या. नाहीच. ऊन कुंपणावर आलं, नेदा छातीवर क्रूस काढत पुटपुटू लागली. शेवटी गेंकोनं प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, तर आत पाण्याचे टपोरे थेंब.

त्यानं वर बॉनेटच्या भोकाकडे पाहिलं. मग रिकाम्या बादलीकडे. मग नेदाकडे. एक शेलकी शिवी पार ओठांवर आली होती. पण नेदा डोळे मिटून अजून क्रूसच काढत होती. म्हाताऱ्यानं शिवी गिळली आणि फडक्यानं झाकण आतून कोरडं ठक्क पुसलं.

चावी फिरवली मात्र, मिंचो बोंबलत हातभर उडाला. वायर त्याच्या हातातच होती.

"आली रे ठिणगी!" गेंको ओरडला. ट्रक धडधडू लागला.

"हात जळाला माझा, गाढवा!"

"थांब थांब," नेदा डोळे पुसत म्हणाली, "मघाचं पाणी कमी पडलं असणार. अजून एक बादली आणते!"

ती भरली बादली घेऊन आली, तोवर गेंको खाली उडी मारून बॉनेटपुढे हात पसरून उभा.

"नेदे, दरीवर लटकलो होतो तो मी. ओतायचं तर माझ्यावर ओत."

तिनं ओतलं. हात आखडता घेतला नाही.

फुलं वेळेत पोचली. भट्टीवाल्यानं टपटप गळणाऱ्या गेंकोकडे पाहिलं, मग निरभ्र आभाळाकडे.

"एवढा पाऊस कुठे लागला रे तुला?"

"घरी," गेंको म्हणाला, आणि पोती उतरवायला लागला.