आधी पाय

आमच्या वैशाली नगरातला पेंटर प्लांटमध्ये ठेक्यावर सुरक्षेच्या पाट्या रंगवतो आणि सुटीच्या दिवशी देव काढतो. बोलणं कमी, ब्रश कानावर, आणि देव नेहमी पायांपासून वर. चेहरा सगळ्यात शेवटी, तोही कागदाआड. त्यामुळे देवी पुरी व्हायच्या आधीच आमची गल्ली तिच्या पायांवर डोकं टेकवायला लागते.

यंदा मंदिराच्या भिंतीवरचे पाय मला खटकले. टाचा भेगाळलेल्या, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

"देवीचे पाय असे असतात काय रे?" मंदिर समितीचा अध्यक्ष म्हणून मी विचारलं.

"मले दिसले तसे काढून राहिलो, काकाजी."

तरी आठ दिवस मी रोज तिथे डोकं टेकवलं.

घटस्थापनेच्या सकाळी मी आरतीचं ताट घेऊन उभा असताना त्याने कागद काढला. मुकुटाखाली आमच्या गल्लीची नाली साफ करणारी बाई होती. उन्हाळ्यात ती मंदिराच्या नळावर पाणी प्यायला आली, तेव्हा मीच तिला हाकललं होतं. तापलेल्या फरशीवरून ती अनवाणी परत गेली. हा पेंटर तेव्हा तिथेच रेलिंग रंगवत होता. तिच्या पायांकडे बघत राहिला होता.

झांजा थांबल्या. मी डोकं टेकवायला वाकलो नाही.

पेंटरने ब्रश कानावर खोचला.

"आठ दिवस पाया पडून राहिले ना तुमी," तो म्हणाला, "मंग आज कावून थांबले?"