काचेवरची तंबाखू

मला थुंकीची किळस आहे. किळस म्हणजे नुसतं नाक मुरडणं नव्हे. माझी जेवणावरची वासना जाते. आणि माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर जे जे येऊन पडतं, त्यात पहिला मान थुंकीचाच. हातकणंगल्याच्या अलीकडे एसटीच्या मागं लागावं, खिडकीतून एक मुंडकं बाहेर यावं आणि तंबाखू-सुपारीच्या माव्याची लाल पिचकारी वाऱ्यावर पसरत बरोबर माझ्या डोळ्यांसमोर फुटावी. वायपर फिरवला की ती पुसली जात नाही, काचभर सारवली जाते. मग पाणी मारायचं, पुन्हा वायपर, आणि तोवर माझं तोंड सुरू झालेलं असतं. मी शाळेत मराठी शिकवते, शब्द कमी पडत नाहीत.

ही जुनी गाडी मी घेतली ती आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे वडील. ते कुरुंदवाडजवळच्या आमच्या गावी राहतात, मी कोल्हापुरात. त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला आणि तोंड आखडत चाललं. धडधाकट माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात, आप्पांच्या तोंडात दोन कशीबशी जात होती. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. तंबाखू सुटली तर हे इथंच थांबण्याची आशा आहे, नाही सुटली तर पुढं कॅन्सर. दर महिन्याला दाखवायला आणा, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आप्पांनी देवाला हात लावून तंबाखू सोडली. आणि दुसऱ्याच दिवशी एक पुडी आणून माझ्या गाडीच्या खणात ठेवली.

"ही काचंची हाय," ते म्हणाले. "ह्याला न्हाय माझा हात लागायचा."

हे काचेचं प्रकरण सांगायला हवं. उमेदीच्या काळात आप्पा वडापची, म्हणजे माणसागणिक भाडं घेणारी, जीप चालवायचे. आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, आणि पुढं धड न चालणारा वायपर. आमच्याकडच्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचा त्यावर एकच इलाज. चिमूटभर तंबाखू ओल्या काचेवर चोळायची. मग पाणी थेंब धरून बसत नाही, सरळ ओघळतं आणि रस्ता दिसतो. हे खरं आहे, मी पाहिलेलं आहे. पण ती चोळताना काचेवरून जो पिवळट काढा खाली येतो आणि वायपरच्या खोबणीत साचून जो वास मारतो, तोही मी पाहिलेला आहे. पुडी गाडीत नको, असं मी स्पष्ट सांगितलं. माझ्या नकाराला आमच्या घरात जेवढी किंमत असते तेवढी मिळाली, पुडी जागची हलली नाही.

गाडीची निगा मी स्वतः करते. निघण्याआधी बोनेट उघडायचं, ऑइलची पट्टी ओढून बघायची, ब्रेक ऑइल, कूलंट, काचेच्या पाण्याची टाकी. हे आप्पांनीच शिकवलं, पण त्यांची स्वतःची रीत बघवत नाही. ऑइलची पट्टी ते धोतराला पुसतात. थंडीत साखर कारखाने सुरू झाले की गावात गाडी नुसती उभी केली तरी काचेवर काजळी बसते, वरून पहाटेचं दव, की झाला त्याचा चिखल. त्यावर आधी भरपूर पाणी ओतायला लागतं. आप्पा खांद्यावरचा टॉवेल काढतात. त्याच टॉवेलानं त्यांनी तोंड पुसलेलं असतं, म्हशीची कास पुसलेली असते. एखादा डाग निघेना की टॉवेलाचं टोक जिभेला लावून ओलं करतात आणि घासतात, माझ्या डोळ्यांदेखत. एकदा मी काच पुन्हा साबणानं धुतली, तर तोंड फिरवून म्हणाले, "शिकल्याली माणसं लई घाण धरत्यात." मी उलट बोलले असते तर त्या दिवशी डॉक्टरकडं जाणं झालं नसतं.

उन्हाळ्यात त्यांनी कूलंट काढून टाकलं. मी शाळेच्या कामानं गाडी गावी ठेवून आले होते, तेवढ्यात.

"हिरवं काय ते, औषधासारकं," ते म्हणाले. "पाणी न्हाय व्हय आपल्याकडं?"

पाणी आहे, पण आमच्या शिरोळ भागातलं बोअरचं पाणी मचूळ. घागरीला पांढरा थर धरतो, तो रेडिएटरला धरणार नाही होय? तेच पाणी त्यांनी काचेच्या टाकीतही भरून ठेवलं होतं. मेकॅनिकनं रेडिएटर उघडला तेव्हा आतून तपकिरी, दाट रबडी आली. मला ओकारी आली. आप्पा मात्र शेजारी उभे राहून ती बोटांवर घेऊन बघत होते.

आणि त्याच दिवशी मी खण उघडला. वैशाखाचं ऊन, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि काचेची पुडी अर्धी झालेली.

"ही कुठं गेली, आप्पा?"

"उन्हानं आटती ती."

तंबाखू आटते, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, आप्पा, सुटली का? आणि आप्पा दर वेळी "व्हय" म्हणायचे. त्यांचं तोंड मात्र उघडत नव्हतं. भाकरी दुधात कालवून गिळायला लागायची. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर किळसही यायची. बापाची किळस येते हे कुणाला सांगता येत नाही.

श्रावणातली गोष्ट. आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आणि आम्ही तपासणीला निघालेलो. जयसिंगपूर सोडलं आणि समोरून आलेल्या ट्रकनं खड्ड्यातलं सगळं पाणी काचेवर मारलं. नुसतं पाणी नव्हतं ते. डिझेल, चिखल, शेण, काय नव्हतं त्यात. वायपरनं त्याचा तेलकट पडदा करून ठेवला. मी काचेच्या पाण्याचा खटका ओढला. मोटर घुरघुरली, पाणी काही आलं नाही. टाकी मी केव्हाच साफ केली होती, पण आप्पांच्या बोअरच्या पाण्यानं फवाऱ्याच्या बारीक भोकात क्षार धरले होते ते तसेच राहिले होते. समोर नुसते दिवे दिसत होते, गाड्या दिसत नव्हत्या. मी गाडी कडेला घेतली.

आप्पांनी खण उघडला. "थांब, आत्ता करतो." आणि पुडी उघडून त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली. अंगठा फिरवायला लागले. काचेवर चोळायची तंबाखू कुणी मळत नाही. मळल्यावर दुसऱ्या हातानं त्यांनी बंडीतून चुन्याची डबी काढली. काचेला चुना लागत नाही.

त्यांच्या ते ध्यानातही आलं नसेल. हातांना सवय. मी त्यांच्या तळहातावर फटका मारला, पुडी हिसकावली आणि दार उघडून बाहेर फेकली. चाकाजवळच्या चिखलात पडली ती.

"जाऊ द्या मसणात," मी म्हणाले. "काच दिसली न्हाय तरी चालंल."

आप्पांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. मला वाटलं, रुसून चालत निघाले. ते गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि वाकले. गुडघा दुखतो म्हणून ते देवळातसुद्धा वाकत नाहीत, उभ्यानंच हात जोडतात. ते त्या पावसात चिखलात गुडघ्यावर बसले, पुडी उचलली, धोतराला पुसली. आतली जी थोडी कोरडी राहिली होती ती चिमटीत धरली आणि ओठाखाली सारली. तिथंच, बसल्या बसल्या. मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्यांच्यावर पडत होते. गावात तंटा झाला तर माणसं ज्याच्याकडं निवाड्याला येतात, तो हा माणूस.

मला उलटी झाली. खरोखरची, दारातून. मग मी पिण्याच्या पाण्याची बाटली काचेवर ओतली, ओढणीनं काच पुसली, आणि आम्ही कोल्हापूर गाठलं. गाडीत चिखलाचा, चुन्याचा आणि माझ्या उलटीचा वास होता.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "आप्पा, सुटली का?"

या खेपेला आप्पा "व्हय" म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला इचारा की."

ते माझ्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत माझ्याकडं त्यांनी काही मागितलेलं नव्हतं, मागायची त्यांची पद्धतच नाही. ते आता मागत होते, एवढा एक शब्द म्हण. बाई पेन थांबवून वाट बघत होत्या.

"नाही सुटली," मी म्हणाले. "आत्ता येतानासुद्धा खाल्ली."

आप्पांनी मान खाली घातली. बाईंनी आ करायला सांगितलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि बोट घालून बघितलं. एकच गेलं. चट्टा वाढलाय, तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा, त्या म्हणाल्या. आप्पांनी "कवा?" एवढंच विचारलं.

परतताना ते पुढं बसले नाहीत. मागचं दार उघडून मागं बसले, वडापमधल्या पावण्यासारखे. पाऊस थांबला होता. आजाराबद्दल काही विचारतील, तुकडा काढताना दुखतं का विचारतील, माझ्यावर ओरडतील, असं सगळं माझ्या मनात येत होतं. हातकणंगलं मागं पडलं. जयसिंगपुराजवळ मागून त्यांचा आवाज आला. तोंड उघडत नसल्यानं अर्धे शब्द दातांतच राहत होते.

"चिखलातनं उचलली म्हून गावात सांगू नगंस."

"न्हाय सांगत," मी म्हणाले.