गुरप्पाची खळ

पुस्तक नवं असेपर्यंतच त्याचं कौतुक. एकदा त्याची पाठ उसवली, पानं सुटली, की त्याला कुणी विचारत नाही. आमच्या कॉलेजातली मुलं परीक्षा जवळ आली की पुस्तकातली हवी ती पानं फाडून न्यायची, आणि प्राध्यापक मंडळींनी घरी नेलेलं पुस्तक परत आलं तर त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ ठरलेलं. मी ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसायचो आणि दिवसभर या सगळ्यांवर खेकसायचो. त्यात माझा घसा बसायचा, पुस्तकांना काही फरक पडत नव्हता. शेवटी ती सगळी पंगू फौज मागच्या खोलीत गुरप्पा बाइंडरपुढे जाऊन पडायची.

गुरप्पा मूळचा सीमेकडच्या मैंदर्गीचा, राहायला शहरातल्या बाळीवेशीत. किडकिडीत अंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंगायतांचं लिंग. मराठी बोलायचा पण चाल कानडी. घरात तो आणि त्याची बायको अक्कम्मा, मूलबाळ नाही. अक्कम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. गुरप्पा रोज सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचा, पूजा करायचा आणि मगच कामावर यायचा.

या तळहातापायीच सगळं घडलं. बाइंडर लोक पुस्तकाच्या पाठीला सरस लावतात. सरस म्हणजे जनावराची कातडी नि हाडं उकळून काढलेला चिकट गोळा. गुरप्पा त्याला जन्मात शिवला नव्हता. "ज्या हातावर देव बसतो, त्याला कातड्याचा चिकटा लावायचा व्हय?" असं विचारायचा. तो गव्हाच्या पिठाची खळ शिजवायचा आणि शिजता शिजता तीत मोरचूद घालायचा. पीठ म्हटलं की उंदीर आले, झुरळं आली. ते निळं विष पोटात गेलं की ती पुन्हा वाटेला जात नाहीत. मी माढ्याकडचा, मटण खाणारा, मला काहीच वर्ज्य नाही. मी त्याची थट्टा करायचो, "गुरप्पा, तुझ्या पुस्तकांना सोवळ्यात ठेवायला पाहिजे." तो हसायचा आणि टोचा पुठ्ठ्यात खुपसायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रेशनच्या रांगा दुकानाला वळसा घालून मागच्या बोळात जाऊ लागल्या. गहू मिळायचा मूठभर, बाकी परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिच्या भाकरीला वास यायचा, चव कडवट, आणि गहू मिळाला तर त्यालाही बुरशी. लोक नाक न मुरडता खायचे. चिंचोक्याचीही खळ होते, म्हणून गुरप्पाने चिंचोके शोधले, तर तेसुद्धा लोक भाजून खाऊ लागले होते.

खळीचं पीठ तोवर कॉलेजकडून यायचं. ते प्राचार्यांनी बंद केलं. "माणसं उपाशी असताना पुस्तकांना गहू खाऊ घालायचा?" असं ते सभेत म्हणाले आणि टाळ्या पडल्या. वाक्य चांगलंच होतं. पण त्याच सभेत त्यांनी कॉलेजच्या रौप्यमहोत्सवानिमित्त जुन्या ग्रंथांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि त्या ग्रंथांना तर पाठीच राहिल्या नव्हत्या. बाइंडिंग पाहिजे, तेही लवकर, आणि पीठ नाही. दुसऱ्याच्या जिवावर त्याग करायला फार मोठं काळीज लागत नाही.

आमचे ग्रंथपाल वीरभद्रप्पा स्वतः लिंगायत. त्यांनी गुरप्पाला बोलावून सरसाचा पुडा पुढे ठेवला.

"गुरप्पा, लिंग माझ्याही गळ्यात आहे. काम झालं की साबणाने हात धुवायचे. देव काय हाताचा वास घेत बसतो?"

"तुमचं बरोबर हाय साहेब," गुरप्पा म्हणाला, "पन माझ्यानं न्हाय व्हायचं."

"मग मला दुसरा बाइंडर बघावा लागेल. माझ्या हातात काही नाही."

गुरप्पा पुड्याकडे न बघता म्हणाला, "पीठ मी आनतो की. घरनं."

तेव्हापासून त्याच्या रेशनचा गहू आमच्या पुस्तकांच्या पाठीला लागू लागला. नवरा-बायको मिलोवर राहिले, तीही पुरेशी नाही. गुरप्पाच्या गालांची हाडं वर आली. मला त्याचा राग यायचा. एकदा मी बोललोच, "अरे, देव काही उपाशी राहायला सांगत नाही."

"देव न्हाय सांगत," तो म्हणाला. "मीच सांगतोय की."

नोकरी गेली तर दोघांनी खडी फोडायला जायचं, आणि अक्कम्माला तर हातोडीखाली काय आहे तेही दिसलं नसतं. सरस लावला तर सकाळी लिंग कुठल्या हातावर घ्यायचं, हा प्रश्न. दोन्ही टळावं म्हणून तो पोटाला चिमटा घेत होता.

पुढचं मला कळलं ते सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, त्याच्याच तोंडून. घरात गव्हाच्या पिठाचा डबा आणि घरातली दोन्ही पोटं रिकामी. "माझाच हात डब्याकडं जायचा, जोतीरामभाऊ," तो म्हणाला. "रोज जायचा." म्हणून त्याने एके दिवशी मोरचूद कुटून घरीच त्या कोरड्या पिठात मिसळून टाकलं. आपल्या भुकेला कुलूप घातलं. अक्कम्माला मात्र एवढंच सांगितलं, की हे कॉलेजचं पीठ, याला हात लावू नकोस. अशा वर्षात, घरात, अन्नात आपण विष कालवलंय, हे बायकोला सांगायला त्याची जीभ रेटली नाही. तिला वाटलं, मोरचूद तर नेहमी कॉलेजात शिजताना पडतं; आत्ता हे नुसतं पीठ आहे.

मग एका दुपारी अक्कम्माचा धाकटा भाऊ तिप्पण्णा मैंदर्गीहून आला. दुष्काळी कामावर चालला होता, वाटेत बहिणीला भेटायला थांबला. घरात मिलोची एक शिळी भाकरी. माहेरचा माणूस कधी नव्हे तो दारात आलेला, त्याच्यापुढे शिळी मिलो टाकायची? तिने त्या डब्यातलं ओंजळभर पीठ घेतलं. एवढ्याने कॉलेजचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं. अंधाऱ्या खोलीत, धुरात, त्या डोळ्यांना कणकेचा रंग दिसला नाही. तिने चपात्या केल्या.

तिप्पण्णाने पहिल्याच घासाला ओळखलं की चव वाईट आहे. चपातीत हिरवट डागही दिसले. रेशनचा बुरशी लागलेला गहू असेल, असं त्याने मानलं. बहिणीने एवढ्या मायेने केलेलं. वाईट लागतंय असं म्हणायचं कसं? एक चपाती त्याने पाण्याबरोबर कशीबशी ढकलली आणि ताटावर हात आडवा धरला. "साकु अक्का," तो कानडीत म्हणाला, म्हणजे बास झालं अक्का, "पोट भरलं. ऱ्हायलेल्या तू खा."

ती त्याला खूप आग्रह करत होती म्हणे. तो हललाच नाही. मग राहिलेल्या सगळ्या तिने खाल्ल्या. कित्येक महिन्यांनी गहू पोटात जात होता. कडू लागलं असेल, पण त्या वर्षी सगळंच कडू लागत होतं.

तिप्पण्णाला वाटेत उलट्या झाल्या, लोकांनी त्याला सिव्हिलमध्ये आणलं आणि तो वाचला. उलट्या अक्कम्मालाही झाल्या, पण त्या अंगात झुंजायला काही उरलेलं नव्हतं. गुरप्पा घरी पोचला तेव्हा ती चुलीपाशी पडली होती. दवाखान्यात ती आणखी एक रात्र जगली. मी गेलो होतो. तिप्पण्णा भिंतीला डोकं टेकून एकच म्हणत होता, "मी बोललो असतो तर. वाईट लागतंय म्हनलो असतो तर." आणि गुरप्पा त्याच्याशेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. कुणी कुणाचं सांत्वन करायचं, काही कळत नव्हतं. मला रडू आलं आणि मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

पोलिसांनी गुरप्पाला चौकीवर बसवून ठेवलं. विष घरात, विष त्यानेच कालवलेलं, बायको आंधळी. त्यांच्या हिशोबाने सगळं जुळत होतं. चपात्या अक्काने स्वतःच केल्या, गुरप्पा घरात नव्हता, असा जबाब तिप्पण्णाने दिला म्हणून सुटका झाली. कॉलेजने फक्त एक काळजी घेतली, या भानगडीत आपलं नाव येऊ नये याची. अक्कम्माला त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली, तेव्हा आमच्याकडून मी एकटाच होतो. प्रदर्शन ठरल्या दिवशीच झालं. पाहुण्यांनी एक ग्रंथ हातात घेतला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि कामाची तारीफ केली. प्राचार्य म्हणाले, आमच्या ग्रंथालयाची परंपराच तशी आहे. मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने तिथून निघून गेलो.

मग एके दिवशी गुरप्पा कामावर आला. वीरभद्रप्पा दगडाचे नव्हते. त्यांनी प्राचार्यांशी भांडून पिठाची पिशवी मिळवली होती. ती त्यांनी स्वतः मागच्या खोलीत नेऊन ठेवली. "गुरप्पा, हे कॉलेजचं पीठ. तुझ्या पद्धतीने कर. आता कुणी काही म्हणणार नाही."

गुरप्पा उंबऱ्यावरच थांबला. "पिठाला हात लावायची हिंमत न्हाय साहेब," तो म्हणाला. "ते तेवढं उचला हितनं. सरस द्या."

त्या दिवशी स्टोव्हवर सरस उकळला. त्याचा वास वाचनकक्षापर्यंत आला, मुलं नाकाला रुमाल लावून हसायला लागली आणि मी त्यांना असा दम भरला की पोरं वह्या गोळा करून निघून गेली. आत गेलो तर गुरप्पा दोन्ही हातांनी तो चिकटा पाठीला चोळत होता. पूजेचं काय, हे विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. गळ्यात लिंग होतं एवढं दिसलं.

नंतरची दोन वर्षं तो तसंच काम करत होता. घरी पीठ ठेवायचं त्याने सोडून दिलं. शेजारची चंद्रव्वा त्याला भाकरी द्यायची. माझ्या डब्याला तोवर तो कधी शिवला नव्हता, आमच्यात मटण शिजतं म्हणून. आता दुपारी मी डबा उघडला की तो हातातलं काम टाकून यायचा, माझ्या भाकरीचा तुकडा मोडून आधी स्वतःच्या तोंडात घालायचा आणि माझ्यासमोर खाली बसायचा. मी डब्याकडे हात नेला की तो अडवायचा. स्वतःच्या पोटावर हात ठेवून वाट बघायचा, आणि मग म्हणायचा, "हां. खावा आता."