तीन इंची पाइपातला अबोला

वडील आणि चुलते यांचा अबोला माझ्या बहिणीच्या लग्नात सुरू झाला. डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून वडिलांनी धाकट्या भावाला विचारलं, "जेवलास का?" चुलत्यांना ऐकू आलं नाही. ते उपाशीच घरी गेले आणि म्हणाले, "मला कुणी जेव म्हणलं न्हाय." वडील म्हणाले, "म्हणलो." त्याला सात वर्षं झाली.

पण आमच्या गावची, लासुर्ण्यातली विहीर दोघांची सामाईक. वडील वर मोटार चालू करणार, चुलते खाली उसाला पाणी धरणार. सांगितल्याशिवाय कसं जमणार? फोन कुणीच करेना, कारण मोबाईलवर करणाऱ्याचं नाव उमटतं. मग वडिलांनीच वाट काढली. विहिरीजवळ पाइपलाइनला हवा जायला एक उभा, उघडा तुकडा आहे. त्यात तोंड घालून ते म्हणायचे, "मोटार सुरू व्हतीय." चुलते पाइपाच्या उसातल्या टोकाला कान लावून ऐकायचे. तिकडून फक्त "व्हय" यायचं. वडिलांना पूर्वीसारखं "दादा" ऐकायचं होतं, हे ते आईपाशी बोलूनही दाखवायचे.

मी बारामतीत विज्ञान शिकवतो, राहायला जळोचीला. एका रविवारी गावी आलो, तेव्हा मला राहवलं नाही. "आबा, हे बोलणंच झालं की," म्हणालो. उघड्यावर आवाज चहूकडे पसरून विरतो, पाइपात मात्र कोंडल्यामुळे लांब जातो, हे समजावलं. हवा इकडून तिकडे जात नाही. एक कण शेजारच्याला ढकलतो आणि परत जागेवर येतो, शेवटचा धक्का कानाच्या पडद्याला बसतो, हेही सांगितलं.

वडिलांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे माझ्या तोंडातली हवा त्याच्यापत्तुर जातच न्हाय. मग मी कुठं बोललो?"

आमच्या शिकवण्याचं हे असं होतं.

मग मी मोटारीला मोबाईलवरून चालू करता येणारा स्टार्टर आणून बसवला. वडील पाइपात नेहमीचं सांगायला वाकले होते, आणि मी कौतुकाने बटण दाबलं. मोटार चालू झालेली पाहून वडील पाइपात ओरडले, "कान काढ!" आवाज पाण्याच्या कितीतरी आधी पोचला. तिथेच घात झाला. मोटारीच्या घरघरीत चुलत्यांना शब्द कळले नाहीत, त्यांनी "काय?" म्हणत कान आणखी घट्ट लावला.

वडील धावले. सात वर्षांत पहिल्यांदाच त्या उसात शिरले. मीही मागोमाग. चुलते चिंब होऊन कान धरून बसलेले.

"कानात गेलं का रं?" वडिलांनी विचारलं. उघड्या हवेत, तोंडासमोर.

चुलत्यांनी एका पायावर उड्या मारून कान रिकामा केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा पाइपातनं काय म्हणला का? मला ऐकू आलं न्हाय. म्हंजे बोललाच न्हाय."

वडिलांचा चेहरा पडला. लग्नातलंच पुन्हा होत होतं, आणि या खेपेला चूक माझी होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "ऐकू आलं नाही तरी लाट निघालेली असते. आबा बोलले. आजही आणि लग्नातही."

"दादा, तुझं हे पोरगं साळंत बी असंच शिकवतं का?" चुलते वैतागून म्हणाले आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

वडिलांचे कान अजून तिखट आहेत. त्यांनी हात कानामागे धरला.

"काय म्हणलास? ऐकू आलं न्हाय. पयल्यापासनं म्हण."