उसाच्या साखळीची तुटकी कडी

पुण्याच्या एका प्राध्यापकाने माझ्या मेव्हण्याला फसवले, आणि माझ्याच हातून फसवले.

सत्तर साल नुकतेच उलटले होते. श्रीरामपुरात माझे भंगाराचे दुकान होते. हातगाडी ढकलत मी तिथवर आलो होतो आणि सौद्यात मला सहसा कोणी गुंडाळत नसे. मेव्हणा साखर कारखान्यात होता. गव्हाणीतून चरकाकडे ऊस नेणारी लोखंडी साखळी चालता चालता तुटली आणि तिच्या फटक्याने त्याच्या उजव्या हाताची बोटे गेली. कारखान्याने लिहून टाकले, चालू यंत्रात हात घातला. पुढच्या हंगामात त्याला घेतले नाही. निष्काळजी म्हणून दुसरीकडेही कोणी उभे करेना.

"दाजी, म्या हात घातला न्हाई," तो म्हणायचा. "साखळीच आली माझ्याकडं."

हंगामात कारखाना थांबवत नाहीत. तुटके काढायचे, नवे बसवायचे, तुटके भंगारात. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मी तिथला माल उचलला, त्यात त्या साखळीची तुटकी कडी होती. तुटल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत, अर्धा गंजून काळा. नवा गंज चढू नये म्हणून मी तिला ग्रीस फासले आणि गोणपाटात बांधून ठेवली.

पुढे हे प्राध्यापक आले. साखर कारखान्यांतल्या अपघातांवर त्यांचे संशोधन चालले होते. कोणता भाग कधी दगा देईल, धोका आधीच कसा मोजायचा, असे काही. तुटके भाग शोधत दुकानात आले, तेव्हा मी कडी पुढे केली. त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली.

"चीर जुनी आहे. बरेच दिवस आत गंजत होती. तपासणीत सापडायला हवी होती."

मेव्हणा शेजारीच होता. म्हणाला, "सायेब, हे परत एकदा म्हना."

त्यांनी परत म्हटले. मग मला विचारले, "काय घेणार हिचे?"

"पैसे नकोत. आत्ता बोललात ते लिहायचं आणि कडी परत आणायची."

"शेठ, हे संशोधन आहे, सौदा नाही."

"माझ्या दुकानातून वस्तू जाते तेव्हा सौदाच असतो."

ते हसले आणि हातात हात दिला.

वर्षभराने त्यांचा अहवाल कारखान्यात आला. साखळी भरवशाची, अपघात कामगाराच्या निष्काळजीपणाने. मी एसटी धरून पुणे गाठले. त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

"भंगारातली कडी," ते म्हणाले, "ती त्याच अपघातातली कशावरून? शास्त्रात असं चालत नाही."

"मग नेलीत कशाला?"

"कारखान्यानं आत येऊ दिलं म्हणून संशोधन झालं, शेठ. तुम्ही व्यवहारी आहात, समजून घ्या."

"समजलं. त्यांच्याशी सौदा केलात, तो पाळलात. माझ्याशी केलात, तो मोडलात. कडी द्या."

कडी प्रयोगशाळेत कापली होती. तुकडे कुठे असतील सांगता येत नाही, म्हणाले.

कापली म्हणजे आत पाहिले. आत पाहिले म्हणजे कळले. नाव मिळवायला माझी कडी पुराव्यातून वगळणारा माणूस पुढे सुरक्षिततेवर व्याख्याने देत फिरला. माझा मेव्हणा आजही लोकांच्या लेखी चालू यंत्रात हात घालणारा आहे.

प्राध्यापकसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर श्रीरामपूरला या. कापलेल्या कडीत तुम्हाला काय दिसले ते त्याला सांगा. माझ्याकडे बघून नको, त्याच्या डोळ्यांत बघून सांगा.